सोंगप्यॉन वाफवताना फुटतात, काय चुकतंय?

रेवती_सुवॉन
यंदा चुसॉकला, म्हणजे कोरियातल्या सुगीच्या सणाला, पहिल्यांदाच घरी सोंगप्यॉन केले, म्हणजे तांदळाच्या पारीत सारण भरून पाइनच्या पानांवर वाफवलेले मोदकासारखे गोळे. अर्धचंद्र छान वळले, पण वाफवल्यावर निम्म्यांच्या कडा उकलल्या आणि तीळ-साखरेचा पाक खालच्या पाइनच्या पानांवर ओघळला. पीठ दुकानातलं कोरडं, कोमट पाण्यात भिजवलेलं. कुणी सांगेल का?

जॉन्जूची_सून
रेवती, कोमट पाण्यानं घात केला. हे चिकट तांदळाचं पीठ नव्हे, साध्या तांदळाचं. त्याला आपला असा चिवटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानंच येतो. खळखळतं पाणी थोडं थोडं घालून आधी चमच्यानं कालव, मग हाताला सोसवेल तसं मळ, निदान दहा मिनिटं. सासूबाई म्हणतात, गोळा कानाच्या पाळीइतका मऊ हवा. त्या तांदूळ रात्रभर भिजवून पांगात्कानमध्ये, म्हणजे इथल्या गिरणीत, मीठ घालून दळून आणतात. ते पीठ मुळातच ओलसर असतं. तुझं कोरडं पीठ जास्त पाणी पिणार. मळून झालं की ओल्या फडक्याखाली ठेव, नाहीतर वळेपर्यंत वरून सुकतं.

आणि हवा! हे मला तीन चुसॉक उलटल्यावर कळलं. पारीत सारण भरून तोंड मिटलं की लगेच आकार देऊ नकोस. आधी गोळा मुठीत धरून चार-पाच वेळा हलकेच आवळ. आत अडकलेली हवा वाफेवर फुगते आणि कड उसवते. सासूबाईंच्या मुठीतून निघालेल्या प्रत्येक गोळ्यावर चारही बोटांचे ठसे असतात, मग त्या ते पुसून चंद्रकोर करतात.

गांगवॉनकर
आमच्याकडे बटाट्याच्या स्टार्चचे करतात, तिथे ते ठसे मुद्दाम तसेच ठेवतात. रेवतीताई, पाइनची पानं कुठून आणलीत? बागेतल्या, रस्त्याकडच्या झाडांना कीडनाशक दिलेलं असू शकतं, ती नकोतच. पण पानं वगळूही नका. नावातला ‘सोंग’ म्हणजेच पाइन, आणि तो वास नसेल तर ते सोंगप्यॉन कसले?

जॉन्जूची_सून
अगदी खरं. वाफवून झाल्यावर गार पाण्यात बुडवून पानं काढ आणि लगेच तिळाच्या तेलाचा हात फिरव, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत.

रेवती_सुवॉन
काल पुन्हा केले, बाजारातून धुतलेली पानं आणून. वीसपैकी दोनच उकलले, तेही मी सारण जास्त भरलेले. ताई, पुढच्या खेपेला चेस्टनटचं सारण करायचंय, ते उकडून कुस्करू की अख्खा तुकडा घालू?