क्वेव्रीतली केशरी वाईन: परंपरा की झाकलेला दोष?

प्रवासी: ‘क्वेव्रीतली (जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणातली) वाईन ज्याला रुचत नाही, त्याला वाईन कळतच नाही,’ असे काल इथे एकाने लिहिले, म्हणून हा धागा. गेल्या मे महिन्यात जॉर्जियाच्या काखेती प्रांतातील एका घरगुती वाइनरीत यजमानांनी जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणाचे झाकण काढले आणि लांब दांड्याचा, वाळक्या भोपळ्याचा डाव खोलवर घालून माझा पेला भरला. रंग जुन्या मधासारखा होता, वास मात्र नखांचा रंग पुसायच्या द्रावणाचा येत होता. विचारले तेव्हा ‘नैसर्गिक वाईन अशीच असते’ एवढेच उत्तर मिळाले. दोषाला परंपरा म्हणणे मला मान्य नाही.

तिबिलिसीकर: मी वैद्यकीय शिक्षणासाठी चार वर्षे इथे, जॉर्जियाच्या राजधानीत तिबिलिसीत राहते. एका रांजणावरून साऱ्या पद्धतीला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. रकात्सितेली या पांढऱ्या द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसह पाच-सहा महिने क्वेव्रीत राहतो, म्हणून वाईन केशरी होते. आंबताना वर येणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, आणि पुढे बिया निमुळत्या तळाशी बसून गाळाखाली झाकल्या जातात. सोव्हिएत काळात कारखान्यांचे राज्य असतानाही कुटुंबांनी हे घरापुरते जपले. माझे घरमालक लहानपणी रांजणात उतरून चेरीच्या सालीच्या कुंच्याने तो आतून घासत असत. युनेस्कोने 2013 मध्ये या पद्धतीला वारसा मानले, ते उगाच नाही.

निफाडकर: युनेस्कोने पद्धतीचा गौरव केला, प्रत्येक रांजणातल्या वाईनचा नव्हे. खरे दुखणे गंधकाचे, म्हणजे वाईन बिघडू नये म्हणून घालतात त्या सल्फाइटचे आहे. सल्फाइट म्हणजे विष, असे बाहेरचे काही न घालता वाईन करू पाहणाऱ्या ‘नैसर्गिक’वाल्यांनी ठरवून टाकले आहे. आम्ही भुरीसाठी द्राक्षबागेत गंधक मारतो, सेंद्रिय बागांनाही ते चालते, आणि आंबताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते. तेवढ्या गंधकाला नकार देऊन वर्षभराच्या पिकाचे व्हिनेगर होऊ देणाऱ्याला शेतकऱ्याच्या कष्टांची कदर नाही, असेच मी म्हणेन.

अंबर: हे बोलणे मला लागले. आमच्या ताईला दमा आहे. सल्फाइट घातलेली वाईन दोन घोट घेतल्यावर तिला असा दम लागला की रात्र रुग्णालयात काढावी लागली. तुम्हाला पिकाची काळजी आहे, तशी आम्हाला माणसाची आहे.

निफाडकर: ताईंचे ऐकून वाईट वाटले, आणि काही दमेकऱ्यांना सल्फाइट बाधते हे खरेच आहे. परंतु त्यावरून गंधक वापरणाऱ्या प्रत्येकाला भेसळखोर ठरवू नका. इटलीतील ओस्लावियाचे वाईन करणारे योश्को ग्राव्हनर 2000 मध्ये काखेतीला जाऊन आले आणि 2001 पासून क्वेव्रीत वाईन करू लागले. तेही गंधक वापरतात. त्यांची वाईन खोटी म्हणणार का?

अंबर: खोटी म्हणणार नाही. पण ‘सल्फाइट आहे’ एवढेच न छापता किती आहे तो आकडा बाटलीवर द्यावा, ही मागणी मी सोडणार नाही.

निफाडकर: आकड्याला माझीही ना नाही.

प्रवासी: माझा प्रश्न गंधकाचा नव्हता, त्या वासाचा होता. त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

तिबिलिसीकर: वास आला, हे मान्य. झाकण उघडून वाईन काढू लागले की रिकाम्या जागेत हवा शिरते आणि व्हिनेगरच्या जिवाणूंना आयते रान मिळते. म्हणून उरलेली वाईन लहान रांजणात काठोकाठ भरून पुन्हा बंद करतात. तुमचा रांजण किती भरलेला होता?

प्रवासी: निम्म्याहून खाली. दांडा जवळजवळ मुठीपर्यंत आत गेला होता. तेव्हा पद्धतीवरचा आरोप मागे घेतो. यजमानांच्या त्या उत्तरावरचा मात्र घेणार नाही.