'ऑर' लावल्यावर वर्गणी भरलेले पण लिस्टमध्ये येतायत, का?

नवखा_क्वेरीवाला:
आमच्या वाचनालयाचे सभासद मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहेत. कोथरूड आणि कर्वेनगरमधल्या ज्यांची वर्गणी थकलीय त्यांनाच मेसेज पाठवायचा होता. आधी दोन्ही भाग 'अँड'ने जोडले तर शून्य रो. मग असं लिहिलं:
वेअर भाग = 'कोथरूड' ऑर भाग = 'कर्वेनगर' अँड बाकी > 0
लिस्ट आली, नीट न बघताच मेसेज सोडले आणि सकाळी एक काकू पावती घेऊन काउंटरवर हजर, मी जूनमध्येच भरलेत की म्हणे. कर्वेनगरचे बरोबर आलेत, कोथरूडचे मात्र झाडून सगळे. एरर काहीच नाही. कुठे चुकतंय?

डीबीए_काका:
एरर कशाला येईल, क्वेरी बरोबरच आहे, फक्त तुम्हाला हवी ती नाही :) शाळेतलं कंचेभागुबेव आठवा. अँड म्हणजे गुणाकार, ऑर म्हणजे बेरीज, त्यामुळे अँड आधी सुटतो. म्हणजे तुम्ही मागितलंत काय, तर कोथरूडचा कोणीही चालेल, किंवा कर्वेनगरचा पण बाकी असलेला. कंस टाका:
वेअर (भाग = 'कोथरूड' ऑर भाग = 'कर्वेनगर') अँड बाकी > 0
आणि ते शून्य रो... आपण बोलताना 'कोथरूड आणि कर्वेनगरचे' म्हणतो, पण डेटाबेस एकेक रो हातात धरून तपासतो, आणि एका सभासदाच्या भागात एकच नाव, दोन्ही कसं जुळणार.

रात्रपाळी:
कंस विसरत असाल तर इन वापरा: भाग इन ('कोथरूड', 'कर्वेनगर') अँड बाकी > 0. ऑरच नाही म्हटल्यावर भानगडच नाही. आणि मेसेज सोडायच्या आधी काउंट बघत जा हो.

नवखा_क्वेरीवाला:
इनने झालं, थँक्यू! पण नवीन सभासद येत नाहीयेत, त्यांच्या 'बाकी' या कॉलममध्ये कोणी काही टाकलंच नाहीये, नल आहे. म्हणून शेवटी 'ऑर बाकी इज नल' जोडलं तर आता वारजे, बावधनचे पण आलेत 😭

डीबीए_काका:
नल > 0 चं उत्तर हो पण नाही आणि नाही पण नाही, 'माहीत नाही' असतं, आणि वेअर फक्त होवाल्या रो घेतो म्हणून ते गळत होते. इज नल केलंत ते छान, = नल लिहिलं असतंत तर एकही आला नसता. चूक मात्र कालचीच:
भाग इन ('कोथरूड', 'कर्वेनगर') अँड (बाकी > 0 ऑर बाकी इज नल)
कंस!!

नवखा_क्वेरीवाला:
टाकला, वारजे गेलं. काकूंना सॉरीचा मेसेज मात्र हातानेच टाइप केला, क्वेरीने नाही.