शब्दचर्चा : क्षत्रप

निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ हमखास भेटतात. शाळेत मात्र क्षत्रप म्हणजे सातवाहनांशी लढलेले परके शक राजे, एवढंच शिकलो. शब्द ‘क्षत्रिय’वरून आला का? आणि क्षत्रप म्हणजे राजा की राजाच्या हाताखालचा?

— ‘क्षत्रिय’वरून नाही. हे मूळचं इराणी पद. हखामनी सम्राटांच्या प्रांताधिकाऱ्याचं. अर्थ, राज्याचा राखणदार. ग्रीकांनी त्याचं ‘सात्रापेस’ केलं, इकडे ते ‘क्षत्रप’ म्हणून रुळलं. प्राचीन इराणी आणि संस्कृत या बहिणी, म्हणून ‘क्षत्र’ आणि ‘पा’ (राखणे) हे दोन्ही तुकडे आपल्या कानाला घरचेच वाटतात. ‘क्षत्रिय’शी नातं आहे, पण चुलत. मूळ अर्थ हाताखालचा अधिकारी असाच, त्यामुळे पक्षश्रेष्ठींना मानणाऱ्या पण आपला मुलूख स्वतः चालवणाऱ्या पुढाऱ्याला हा शब्द चपखल बसतो.

— एक भर घालतो. इथल्या क्षत्रपाला नुसता सुभेदार म्हणून चालणार नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान या क्षत्रपाच्या नावामागे ‘राजा’ आणि ‘क्षत्रप’ दोन्ही आहेत. जुन्नरला त्याचा अमात्य अयम त्याला ‘महाखतप’ म्हणतो. (क्षीरची खीर झाली तसाच हा ‘ख’.) चांदीच्या नाण्यांवर तर क्षत्रप हे पदच नाही, नुसतं राजा. म्हणजे नावाला सुभेदार, व्यवहारात राजा.

नाशिकला गेलात तर नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आवर्जून बघा. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) त्याने २,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेवली, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे होतात २४०. त्यातून वर्षावासातल्या (पावसाळी मुक्कामातल्या) २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. हिशोब पैशाला पैसा जुळतो! मला तर तो वाचताना दर वेळी भरून येतं. परक्या राजवटीतही ठेव ठेवावी अशी पत इथल्या विणकरांची होती.

— ‘परके’ या शब्दाबद्दल. ही मंडळी ब्राह्मीत, इथल्या प्राकृत-संस्कृत वळणाच्या भाषेत लेख कोरत होती, ब्राह्मणांना गाई आणि भिक्षूंना लेणी देत होती. जावयाचं नाव मुळात ऋषभदत्त, मुलीचं दक्षमित्रा. पण सातवाहनांच्या लेखी ते परकेच राहिले. त्याच डोंगरावर गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला, ‘खखरातवंस-निरवसेस-कर’ म्हटलंय, म्हणजे क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष करणारा.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नीट पाहिलं तर तीन कमानींच्या चैत्यचिन्हाखाली नहपानाचं नाक, हनुवटी अजून दिसते.