पेरणीचं उरलेलं बियाणं मोडांसाठी वापरू नका
ताई, पेरणीतून उरलेल्या हरभऱ्याला मोड आणून खाल्ले तर चालतील का हे तुम्ही विचारलं ना, त्याचंच आधी सांगतो, अजिबात नाही. पिशवीतल्या बियाण्याला बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असते, तो गुलाबी-लाल रंग दिसते तो औषध लावल्याची खूण, आणि असा हरभरा कितीही पाण्यानं धुतला तरी खायच्या लायक होत नाही. घरच्या मळणीचा बिनऔषधाचा हरभरा घ्या, नाहीतर किराण्यातले मूग-मटकी.

मे महिन्यात मोडाले वास येते म्हणता, तर आपल्याकडे पारा ४५ ले टेकला की असं होणारच. मूग ६-७ तासांवर भिजवू नका, पाणी पूर्ण निथळवा, फडक्यात सैल बांधून माठाच्या बाजूले सावलीत ठेवा आणि दिवसातून तीनदा चांगल्या पाण्यातून काढा. हाताले चिकट लागले तर फेकून द्या, जीव तुटते पण द्याच. लहान लेकरं, गरोदर बाया यांना कच्चे देऊ नका, नीट शिजवूनच द्या, कारण मोड येतात त्याच ओल्या उबेत जंतूही वाढतात.

मेथी, मोहरीची कोवळी रोपं मात्र ट्रेमध्ये मस्त येतात, दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वरून दाट बी, अंकुर दिसेपर्यंत झाकण, मग खिडकीचा उजेड. साधारण ८-१० दिवसांत कात्रीनं कापा, वरणावर टाका. शेणखत यात घालू नका बरं, हे आपण कच्चं खातो.