दमलेला की हट्टी?

'फ्लिक ऑफ द स्विच' हा अल्बम म्हणजे एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन रॉक बँड दमल्याची खूण, असं म्हणतात; मला काही ते पटलं नाही. १९८३ साल आठवा. संगीत-निर्माता मट लँगने डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडचा 'पायरोमेनिया' हा अल्बम थरावर थर चढवून चकाचक केला होता. त्याच लँगबरोबर सलग तीन अल्बम केलेल्या एसी/डीसीच्या मंडळींनी मात्र निर्मिती स्वतःच्या हाती घेतली आणि आवाज पार कोरडा, उघडा ठेवला. मुखपृष्ठसुद्धा पेन्सिलीचं रेखाटन! सगळीच गाणी भारी नाहीत, कबूल. पण 'बेडलम इन बेल्जियम' या गाण्यातली गिटारवादक माल्कम यंगची ऱ्हिदम गिटार एकदा हेडफोन लावून ऐका. या अल्बमच्या ड्रम्सचं काम आटोपून ड्रमर फिल रड बँडबाहेर पडला, तो परतला थेट १९९४ मध्ये. मधल्या अल्बममध्ये त्याचे ते साधे, ठाम ठोके नाहीत, हे मला तरी फार जाणवतं.