जोनाथन जॅस्पर राइट: सही केली, मग मागे का घेतली?

वाचतोय_सध्या:
सिव्हिल वॉरनंतरच्या अमेरिकेबद्दल वाचतोय आणि जोनाथन जॅस्पर राइट या माणसापाशी येऊन अडकलोय. १८४० चा जन्म, पेनसिल्व्हेनियातला कृष्णवर्णीय वकील, नंतर साउथ कॅरोलायनात स्टेट सिनेटर आणि १८७० ला थेट तिथल्या सुप्रीम कोर्टाचा जज. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सुप्रीम कोर्टात बसलेला पहिला कृष्णवर्णीय. दोन प्रश्न आहेत. राजकारणातला माणूस एकदम जज कसा झाला? आणि दुसरा, जो मला खरंच टोचतोय, १८७७ मध्ये एका कैद्याच्या केसमध्ये त्यानं सुटकेच्या ऑर्डरवर सही केली आणि दोनच दिवसांत ती मागे घ्यायला गेला. घाबरला होता का?

कोर्टकचेरी:
पहिल्याचं सोपं आहे. साउथ कॅरोलायनात जज विधिमंडळ निवडतं, तेव्हाही आणि आजही. १८६८ च्या नव्या राज्यघटनेनंतर खालच्या सभागृहात कृष्णवर्णीय आमदार बहुमतात होते, राइट स्वतः ती घटना लिहिणाऱ्या अधिवेशनात होते आणि मग ब्युफर्टहून सिनेटवर आले. सॉलोमन होग नावाचे जज काँग्रेसमध्ये निवडून गेले, तीन जजांच्या कोर्टात एक खुर्ची रिकामी झाली आणि विधिमंडळानं राइटना बसवलं. जेमतेम ३० वर्षांचे होते.

पिवळी_पानं:
दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण "घाबरला" म्हणून विषय संपवू नये असं मला मनापासून वाटतं.

१८७६ च्या निवडणुकीनंतर तिथे दोन गव्हर्नर होते. डेमोक्रॅट वेड हॅम्पटन आणि रिपब्लिकन डॅनियल चेंबरलेन, दोघांनीही शपथ घेतली, सभागृहं पण दोन भरत होती. प्रचाराच्या काळात हॅम्पटनच्या बाजूच्या रेड शर्ट्सच्या सशस्त्र टोळ्या फिरत होत्या, जुलैत हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीयांना मारलं गेलं होतं. अशात हॅम्पटननं टिल्डा नॉरिस नावाच्या एका कैदी बाईला माफी दिली आणि तुरुंगाचा अधिकारी तिला सोडेना, कारण तो चेंबरलेनला मानणारा. म्हणजे केस त्या बाईची राहिलीच नाही, तिची माफी खरी म्हटली की हॅम्पटनच खरा गव्हर्नर.

आता कोर्टात बघा. चीफ जस्टिस मोझेस मरणपंथाला, उरले फक्त दोघं, राइट आणि विलर्ड. एकाची सही नसेल तर ऑर्डरच नाही. राइटनी २७ फेब्रुवारीला सही केली आणि १ मार्चला ती मागे घेतो असं कळवलं, पण विलर्डनी बाईला सोडायला लावलंच. एप्रिलमध्ये चेंबरलेनला आधार असलेलं फेडरल (केंद्र सरकारचं) सैन्य स्टेट हाउसमधून, म्हणजे विधानभवनातून, निघालं आणि चेंबरलेननं पद सोडलं. दोन्ही बाजूंचा दबाव एका माणसावर आला होता आणि त्याच्यामागे सैन्य नाही, त्याचा रिपब्लिकन पक्षही कोसळत होता, त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोर्टकचेरी:
दबावाचं पटलं ताई, पण जजची सही ही जजची सही असते. त्या मागे घेण्यानं त्यांचं दोन्हीकडून नुकसान झालं हे तर मान्य कराल ना? हॅम्पटनवाल्यांना तर नकोच होते, आणि रिपब्लिकनांचा भरवसा पहिल्या सहीनंच गेला.

पिवळी_पानं:
नुकसान झालं, हे मान्य. पण लोक फक्त ते दोन दिवस लक्षात ठेवतात याचं वाईट वाटतं. ज्या माणसाला पेनसिल्व्हेनियात वकिलीची परीक्षासुद्धा द्यायला नकार मिळाला होता, मग जो ब्युफर्टला जाऊन नुकत्याच गुलामीतून सुटलेल्यांना आणि कृष्णवर्णीय सैनिकांना शिकवत राहिला, आणि कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणारा १८६६ चा सिव्हिल राइट्स कायदा आल्यावर पेनसिल्व्हेनियात परत येऊन त्या राज्यातला पहिला कृष्णवर्णीय वकील झाला, तो सहज हार मानणारा नव्हता. सात वर्षं कोर्टात बसला, ऐंशीच्या वर निकाल स्वतः लिहिले, जमिनीचे, कर्जाचे, करारांचे, रोजच्या भांडणांचे. ते वाचायला कोणी जात नाही.

वाचतोय_सध्या:
खूप आभार दोघांचेही. "घाबरला का" हे मी घाईत लिहिलं होतं, मागे घेतो. मग राजीनामा कशामुळे?

पिवळी_पानं:
हॅम्पटनच्या बाजूच्या नव्या विधिमंडळानं महाभियोगाची तयारी केली, आरोप दारू पिऊन कोर्टात बसल्याचा. ज्या सभागृहापुढे खटला चालणार ते आधीच विरोधात, त्यामुळे आरोप मान्य न करता १८७७ मध्येच राजीनामा दिला. पुढे चार्ल्सटनमध्ये वकिली केली, क्लॅफ्लिन कॉलेजच्या वतीनं तरुणांना कायदा शिकवला, आणि १८८५ मध्ये क्षयानं गेले, ४५ व्या वर्षी. त्या कोर्टात नंतरचे कृष्णवर्णीय जज अर्नेस्ट फिनी, ते आले १९८५ मध्ये.