झाकली मूठ, उघडी मूठ आणि कर्जाचा आकडा

रेघोटी:
परवा इथे एकाने लिहिलं होतं, "कर्ज लपवू नका. घरी सांगा, मित्रांना सांगा, ऑफिसात सांगा. लपवणं म्हणजे रोज थोडं थोडं खोटं बोलणं. एकदा सांगून टाका, हलके व्हाल." खाली बदामांचा पाऊस. वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तीन वर्षांपूर्वी मीही अशीच हलकी व्हायला गेले होते. ऑफिसातल्या चारजणींना सांगितलं. रडले वगैरे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, बरं वाटलं. पंधरा दिवसांत चाराच्या चौदा झाल्या. कर्ज माझ्यावर, पण हिशोब बाकीचे ठेवायला लागले. नवी चप्पल घातली तर "अरे वा, फिटलं वाटतं!" दोन दिवस रजा टाकली तर "परवडतं का गं?" एक काम माझ्याकडे येणार हे जवळपास ठरलं होतं, त्यात पैसे हाताळायचे होते. ते आलं नाही. ज्याला मिळालं त्यानेच सांगितलं, "तुझ्यावर आधीच ताण आहे ना, म्हणून."

माझ्या त्या सांगण्याने व्याज रतिभरही कमी झालं नाही. आणि सांगितलेलं परत घेता येत नाही. "आता निम्मं फिटलंय" हे सांगायला गेलं तर ऐकायला कुणी थांबत नाही. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही.

काठावर:
मूठ झाकणाऱ्याला सव्वा लाख, उघडणाऱ्याला काय मिळतं ते माझ्याकडून ऐका.

वडील गेले. महिन्याभरात तीन माणसं दारात. तिघांचंही म्हणणं एकच, तुमच्या वडिलांनी पैसे घेतले होते. एकाकडे कागद होता, दोघांकडे नव्हता. वडिलांच्या डायरीत नुसती आद्याक्षरं आणि आकडे. त्या दोघांतला एक खरा निघाला, वडिलांच्या जुन्या मित्राने दुजोरा दिला. दुसरा खरा की लबाड, मला आजही माहीत नाही. त्यालाही दिले. का दिले? कारण "बापाचं बुडवलं" हे ऐकायची ताकद तेव्हा नव्हती.

आईला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिला पैशाचं दुःख नाही, चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाने सांगितलं नाही याचं आहे. तुमच्या ऑफिसातल्या बायका खवचट निघाल्या म्हणून लपवणं हा काही सद्गुण होत नाही.

रेघोटी:
मी बायकोपासून लपवा म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा.

काठावर:
"झाकली मूठ" म्हणताना कुठली बोटं उघडी ठेवायची ते लिहिलं नव्हतंत.

रोखठोक:
मुळात कर्ज काढायचंच कशाला? अंथरूण पाहून पाय पसरले की सांगा-लपवा हा प्रश्नच उरत नाही. मी आयुष्यात एक दमडी उसनी घेतली नाही.

ताळेबंद:
रोखठोक, अभिनंदन. आजारपण, बुडालेला धंदा, गेलेली नोकरी हे सगळं अंथरुणाच्या मापाने येत असतं तर बरं झालं असतं.

मी हिशोबाच्या कामात आहे, त्यामुळे लोकांची कर्जं रोज बघतो. रेघोटींच्या बाजूने एक मुद्दा आहे, जो त्यांनी मांडला नाही. २००९ मध्ये गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. स्वतःची ओळख घडवणारा संकल्प दुसऱ्याच्या कानावर गेला की माणूस त्यासाठी कमी कष्ट घेतो, असं त्यात दिसलं. ऐकणाऱ्याने मान डोलावली की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. अभ्यास कर्जावर नव्हता, पण "यंदा सगळं फेडणार" असं जाहीर करून पुढच्याच महिन्यात कार्ड घासणारे मी पाहिलेत.

उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून कर्जबाजारी लोकांचा एक परस्पर मदतगट चालतो, डेटर्स अनॉनिमस. तिथे अडकलेला माणूस साधारणपणे दोनच अनुभवी सदस्यांसमोर बसतो, सगळे आकडे मांडतो, आणि तिघं मिळून खर्चाचा आराखडा करतात. पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. म्हणजे आकडा उघडा, माणूस झाकलेला. परवाच्या त्या पोस्टीत याच्या बरोब्बर उलटं होतं, माणूस उघडा आणि आकडा गुलदस्त्यात. "माझ्यावर खूप कर्ज आहे हो" म्हणून रडणं आणि कुणासमोर तरी कागद पसरून बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काठावर:
अभ्यास राहू द्या, माझ्या आईला कुठल्या रकान्यात घालता ते सांगा.

जामीनभोगी:
सगळे कर्जदाराच्या मनावरच्या ओझ्याबद्दल बोलताय. जामीनदाराचं काय? आहे का कुणाला आठवण?

आतेभावाच्या कर्जाला सही दिली. "नुसती औपचारिकता आहे रे" म्हणाला. सात महिने हप्ते थकले होते. या सात महिन्यांत तो दोनदा आमच्याकडे जेवून गेला, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला भेट घेऊन आला, आणि एक शब्द बोलला नाही. मला कळलं ते नोटीस हातात पडल्यावर. सही केली ती चूक माझीच, पण पहिला हप्ता चुकला तेव्हाच सांगितलं असतं तर एक हप्ता भरून मोकळा झालो असतो. सात महिन्यांनी थकबाकी, दंडव्याज आणि वसुलीचा खर्च असं सगळं अंगावर आलं. माझं स्वतःचं घराचं कर्ज त्यापायी नामंजूर झालं.

रोखठोक:
सही करायच्या आधी वाचायला काय झालं होतं?

जामीनभोगी:
आत्याने हात धरला होता, ते झालं होतं. तुम्हाला आत्या नसेल.

रोखठोक:
आहे. पण माझी सही तिच्या हातात नसते.

जामीनभोगी:
तुमच्यासारख्याला कुणी मागायलाच येत नसेल, दारातूनच परत जात असतील.

ताळेबंद:
वैयक्तिक नको. पण नियम कळू द्या, कारण पुष्कळांचा गैरसमज आहे. जामीनदार म्हणजे "कर्जदार पळाला तर बघू" असा राखीव गडी नव्हे. बहुतेक करारांत त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचं सगळं विकून बघा आणि मग माझ्याकडे या, असं बँकेला सुनावता येईलच असं नाही.

आणि हे फक्त तुमच्या-आमच्या बाबतीत घडत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८१८ मध्ये नातवाच्या सासऱ्यासाठी २०,००० डॉलरच्या कर्जाच्या वचनचिठ्ठ्यांवर जामीन म्हणून सही केली. नातवाचा सासरा म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. हा सासरा माजी गव्हर्नर. पुढच्याच वर्षी मंदी आली, सासरा बुडाला, १८२० मध्ये वारलाही. ती रक्कम जेफरसनच्या डोक्यावर बसली.

काठावर:
अर्धीच गोष्ट सांगताय. जेफरसन आधीपासून कर्जात बुडालेला होता, ती सही म्हणजे वरचा दगड. आणि तो १८२६ मध्ये गेल्यावर किंमत कुणी मोजली? पुढच्या जानेवारीत त्याच्या मळ्यावरच्या १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. कर्ज काढणारा एक, सही मागणारा दुसरा, आणि विकली गेली ती माणसं ज्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या आईची तुलना त्यांच्याशी करत नाही, पण न विचारता भोगणारा माणूस कर्जात नेहमी असतो.

जामीनभोगी:
हेच म्हणतोय! जामीनदाराला सांगणं हे काही मन मोकळं करणं नाही, ते देणं आहे. हप्त्यासारखंच देणं.

अर्धाकप:
धागा कर्ज सांगण्यावर होता ना? जेफरसन कुठून आला मध्येच :)

रोखठोक:
नातेवाईकांच्या धाग्यात नातवाचा सासरा येणारच.

रेघोटी:
ठीक आहे, काठावर, तुमच्यापुरतं मान्य. ज्याच्यावर पडणार आहे त्याला कळायला हवं. लिहून ठेवा, वर्षातून एकदा मी मागे सरकते. पण तुम्ही सगळे घरचे आणि जामीनदार यांच्या आडून त्या पोस्टीला वाचवताय. ती पोस्ट म्हणत होती सगळ्यांना सांगा. चारचौघांना सांगून नेमका काय फायदा, यावर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

अर्धाकप:
मी देते. माझं कार्डाचं थकलं होतं. मैत्रिणींचा गट दर महिन्याला कुठेतरी जेवायला जायचा आणि बिल समान वाटलं जायचं. मी प्रत्येक वेळी डोकेदुखी, पाहुणे, पोटदुखी. शेवटी त्यांना वाटलं मी शिष्ट झालेय, आणि त्यांनी बोलावणं बंद केलं. तेव्हा सांगून टाकलं, आकडा नाही, फक्त "सध्या हात तंग आहे, वर्षभर बाहेरचं जेवण नको." एकीने म्हटलं, "माझंही तेच आहे, मी तुझ्याकडे बघून खर्च करत होते." आता घरीच भेटतो. व्याज कमी झालं नाही, पण खर्च कमी झाला. तेवढा फायदा चालेल का?

रेघोटी:
तुम्ही आकडा सांगितला नाहीत. म्हणजे मूठ अर्धी झाकलीच होती. माझ्या बाजूला एक मत धरते.

अर्धाकप:
धरा. तुम्हाला गरज दिसतेय.

ताळेबंद:
कार्डाचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब. महिना ३ टक्के व्याज आणि तुम्ही दर महिन्याला किमान रक्कम, समजा ५ टक्के, भरताय. नवीन खरेदी शून्य. तरी थकबाकी महिन्याला निव्वळ दोन-सव्वादोन टक्क्यांनीच घटते. निम्मी व्हायला अडीच वर्षांच्या वर. आणि काहीच भरलं नाही तर त्याच दराने २४ महिन्यांत दुप्पट, दंड वेगळा. माणूस लपवतो तेव्हा नेमकं हेच करतो, किमान भरत राहतो. घरच्यांसमोर मोठी रक्कम काढता येत नाही ना, काढली की प्रश्न येतात. लपवण्याची किंमत ती आहे. लाज वगैरे तुम्ही बघा, मी आकडे बघतो.

रेघोटी:
हे मात्र लागलं. किमान रकमेचं.

काठावर:
रेघोटी, वाकडं विचारत नाही. तुमच्या कर्जावर आणखी कुणाची सही आहे?

रेघोटी:
हा धागा माझ्या कर्जाबद्दल नाही.

काठावर:
पहिल्या पोस्टपासून तुमच्याच कर्जाबद्दल आहे.

रेघोटी:
दादाची आहे. सहकर्जदार म्हणून. गेल्या महिन्याचा हप्ता राहिला. पगार उशिरा झाला, भरणार आहे, म्हणून त्याला बोलले नाही. झालं समाधान?

जामीनभोगी:
ताई, आज फोन करा.

रेघोटी:
रविवारी तो येणार आहे, तेव्हा समोरासमोर बोलेन.

जामीनभोगी:
आज. माझा आतेभाऊही समोरासमोरच बोलणार होता. सहकर्जदार म्हणजे जामीनदाराच्याही एक पायरी पुढे, ते कर्ज कागदावर त्याचंच आहे. तुमचा चुकलेला हप्ता त्याच्या नावावरही चुकलेलाच दिसतो.

रोखठोक:
पहिल्यांदाच जामीनभोगींशी सहमत. सवय लागू नये.

रेघोटी:
केला फोन.

त्याला तीन आठवड्यांपूर्वीच बँकेचा मेसेज आला होता. हप्ता त्याने भरून टाकलाय. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही म्हणे.

मी त्याच्यावर ओरडले.

ताळेबंद:
ओरडून झालं असेल तर खात्याचा उतारा काढा. हा महिना दोघांनीही भरला नाहीत ना, की दोघांनीही भरलात, ते बघा.